मुलीच्या रिपोर्टमध्ये पीसीडीएच१९ जीन आलाय, माझ्याकडून गेलाय म्हणे. मग मला काहीच कसं नाही?

कलमवाला_राजापूर

नमस्कार मंडळी. इथे बरेच जण शिकलेले, लॅबमध्ये काम करणारे आहेत असं बघितलं म्हणून लिहितोय. लांबेल जरा, सांभाळून घ्या.

मी राजापूर तालुक्यातला. थोडी कलमं आहेत, सीझन नसला की गाडी चालवतो. मुलगी साडेतीन वर्षांची. नऊ महिन्यांची असताना ताप आला आणि पहिली आकडी आली, डॉक्टर म्हणाले तापातली आकडी आहे, पुष्कळ मुलांना येते, मोठी झाली की जाते. पण ती एकटी नव्हती, दोन दिवसांत अकरा की बारा आल्या, एक संपली की तासाभराने दुसरी, आणि सुरुवातीला पोर एकदम किंचाळायची, डोळे मोठे करून, जसं काही समोर कोणीतरी उभं आहे. मग दीड महिना काहीच नाही. मग सर्दी झाली, परत तसंच. अणुस्कुरा घाटातून रात्री तिला मांडीवर घेऊन कोल्हापूर गाठायचं, पावसात तर आधी फोन करून विचारायचं दरड आलीय का आणि मग निघायचं, असं किती वेळा झालं ते मोजलं नाही.

आधी एससीएन१ए नावाच्या जीनची टेस्ट केली, ती निगेटिव्ह. आता सगळ्या जीनची एकदम होते ती एक्झोम टेस्ट केली, आम्हा दोघांचंही रक्त घेतलं. रिपोर्ट असा की पीसीडीएच१९ मध्ये बदल, मुलीत हेटेरोझायगस, वडिलांमध्ये हेमिझायगस, आईमध्ये नाही. डॉक्टर चांगले होते पण बाहेर गर्दी, दहा मिनिटांत सांगितलं त्यातलं निम्मं डोक्यावरून गेलं. एवढं कळलं की माझ्याकडून गेलंय.

मला आयुष्यात एक आकडी आलेली नाही. बारावीपर्यंत शिकलो, गाडीचं लायसन आहे, डोकं ठीक चालतं. मग तोच बदल माझ्यात असून मी धडधाकट आणि माझी एवढीशी पोर अजून नीट वाक्य बोलत नाही, हे कसं? मी वीस वर्षांचा असल्यापासून मोहोरावर फवारणी करतोय, तोंडाला फडका बांधायचो फक्त, त्याने झालं का? अजून मूल होऊ द्यायचं की नाही? आणि धाकटा भाऊ आहे, त्याचं लग्न ठरतंय, त्याला काय सांगू?

आणि एक, हे लिहायला जड जातंय. अडीच वर्षं माझ्या घरात माझ्या बायकोला ऐकवलं जातंय. तिच्या माहेरचा एक चुलतकाका फेफऱ्याने गेला होता, त्यावरून माझी आई आणि सगळी भावकी म्हणते की तुझ्याकडून आलं, आमच्यात असलं काही नव्हतं. मी गप्प बसलो. मलाही तसंच वाटत होतं. रिपोर्ट आल्यापासून बायकोच्या डोळ्याला डोळा देता येत नाहीये.

लॅबवाली_वेंगुर्ला

दादा, आधी एक सांगते, मी डॉक्टर नाही. वेंगुर्ल्याची, सध्या पुण्यात पेशींवर काम करते, त्यामुळे औषधाचं मला विचारू नका. पण तुमचा पहिला प्रश्न माझ्या अभ्यासातला आहे आणि हा जीन खरंच विलक्षण आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

फवारणीचा काही संबंध नाही, ते मनातून काढून टाका. हा बदल तुमच्यात जन्मापासून आहे, तुम्ही पंप हातात घ्यायच्या कितीतरी आधीपासून.

पीसीडीएच१९ म्हणजे प्रोटोकॅढेरिन १९. हा जीन एक्स क्रोमोसोमवर असतो. त्यापासून बनणारं प्रोटीन म्हणजे ११४८ अमिनो आम्लांची माळ, ती चेतापेशीच्या आवरणातून आरपार जाते आणि तिचा मोठा भाग पेशीच्या बाहेर असतो. या बाहेरच्या भागात एकापुढे एक सहा पेरं असतात, उसासारखी म्हणा, आणि पेरांच्या सांध्यात कॅल्शियम बसलं की तो भाग ताठ होतो आणि शेजारच्या पेशीवरच्या तशाच प्रोटीनला जाऊन धरतो. आपल्यासारख्यालाच धरायचं हा त्याचा स्वभाव. गर्भात मेंदू घडताना असंख्य पेशी सरकत असतात, कोणी कोणाच्या शेजारी बसायचं, कोणाशी जोडणी करायची हे अशा पकडींवर ठरतं. या जीनचे सहा तुकडे आहेत, त्यांना एक्झॉन म्हणतात, त्यातला पहिला सगळ्यात मोठा आणि बाहेरचा सगळा भाग त्याच्यातच लिहिलेला, म्हणून रोग करणारे बहुतेक बदल तिथेच सापडतात. तुमच्या रिपोर्टमध्येही एक्झॉन १ लिहिलंय का बघा.

आता तुम्ही बरे आणि मुलगी आजारी, हे कसं. पुरुषात एक्स एकच असतो. तुमच्या एकुलत्या एक्सवर बदल आहे (रिपोर्टमधलं हेमिझायगस ते हेच) म्हणजे तुमच्या मेंदूतल्या एकाही पेशीकडे हे प्रोटीन नीट नाही. मुलीकडे दोन एक्स, एक तुमचा, एक तिच्या आईचा चांगला, याला हेटेरोझायगस म्हणतात. पण बाईच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स चालू राहतो, दुसरा गर्भात अगदी सुरुवातीलाच बंद होतो, आणि कोणता बंद होणार हे प्रत्येक पेशीत नशिबावर. पुढे त्या पेशीपासून झालेल्या सगळ्या पेशी तीच निवड धरून चालतात. १९६१ मध्ये मेरी लायन या बाईंनी हे मांडलं. जेट्टीवर काळ्या-तांबूस ठिपक्यांच्या तिरंगी मांजरी दिसतात ना, त्या जवळजवळ सगळ्या माद्या असतात त्या याच कारणाने, काळा-तांबूस रंग ठरवणारा जीन एक्सवर असतो (पांढरा वेगळ्या जीनचा), जिथे एक एक्स चालू तिथे काळा ठिपका, जिथे दुसरा तिथे तांबूस. तुमच्या लेकीचा मेंदूही तसाच ठिपक्यांचा आहे, काही पेशींवर हे प्रोटीन आहे, काहींवर नाही.

आणि त्रास या मिसळीचा आहे. प्रोटीन नसण्याचा नाही.

आमच्याकडे रापण, म्हणजे समुद्रातलं मोठं जाळं, किनाऱ्यावरून सगळे मिळून ओढतात ती बघितली असेल तुम्ही. सगळ्यांना हाळी ऐकू येत असेल तर हाळीवर एकदम ओढ बसते. समजा कोणालाच ऐकू येत नाही, तर माणसं पुढच्याच्या पायाकडे बघून ओढायला शिकतील, जाळं येईल किनाऱ्याला. पण अर्ध्यांनी हाळीवर ओढलं आणि अर्ध्यांनी पाय बघून, तर दोर कधी सैल कधी ताठ, जाळं वाकडं. तुमच्या मेंदूतल्या पेशी सगळ्याच एकसारख्या, त्या दुसऱ्या पकडींवर निभावून नेतात असं मानलं जातं. तिच्या मेंदूत दोन पद्धतीच्या पेशी एकमेकींत मिसळल्यात. याला शास्त्रात सेल्युलर इंटरफिअरन्स म्हणतात. २०१८ मध्ये उंदरांवर केलेलं काम आलं त्यात हे डोळ्यांना दिसलं, मिसळ असलेल्या मेंदूत दोन प्रकारच्या पेशी वेगळ्या होऊन त्यांचे पट्टे पडले, आणि ज्या उंदरांत हे प्रोटीन अजिबातच नव्हतं त्यांच्यात पट्टे नाहीत. मला ती चित्रं पहिल्यांदा बघितली तो दिवस अजून आठवतो.

अजून एक पुरावा. काही मुलग्यांनाही हा आजार होतो, पण त्यांच्यात बदल गर्भ राहिल्यानंतर झालेला असतो, म्हणजे काही पेशींत आहे आणि काहींत नाही. परत मिसळच.

हा आजार पहिल्यांदा १९७१ मध्ये अमेरिकेत ज्युबर्ग आणि हेलमन यांनी नोंदवला, एकाच घराण्यातल्या मुली आजारी आणि त्यांचे वडील ठणठणीत. जीन सापडायला २००८ उजाडलं. म्हणजे सदतीस वर्षं डॉक्टरांनाही कोडं सुटत नव्हतं, तुम्हाला दहा मिनिटांत नाही कळलं तर त्यात काही नाही.

मिरकरवाडा

आमच्या गावात एका मुलाला अशाच यायच्या. देवळात कौल लावला, गुरवाने सांगितलं तसं केलं, मग एका वैद्याची मुळी दिली आणि इंग्रजी औषधं सगळी बंद केली, आता बरा आहे. आकडी आली की चप्पल हुंगवायची, लगेच उतरते. श्रद्धा असेल तर करून बघा, मनापासून सांगतोय, त्रास बघवत नाही लहान पोरांचा.

सिस्टर_दापोली

मिरकरवाडा, तुम्ही काळजीने लिहिलंय हे दिसतंय, तरी हे थांबवते. आकडीचं औषध एकदम बंद केलं तर आकड्या न थांबता येत राहतात आणि त्यात मूल जाऊ शकतं, मी वॉर्डात बघितलंय, दोनदा. देवाला गाऱ्हाणं घाला, नारळ ठेवा, पण गोळी चुकवू नका. चप्पल हुंगवल्याने उतरते असं वाटतं कारण बहुतेक आकड्या एक-दोन मिनिटांत आपोआपच थांबतात, तेवढा वेळ चप्पल शोधण्यातच जातो.

कलमवाले दादा, घरातल्या सगळ्यांना, तुमच्या आईलाही, हे पाठ करायला लावा. मुलीला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी, तोंडात चमचा पाणी बोट काहीही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेली किंवा शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली तर १०८ ला फोन. चालू आकडी थांबवायला नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे मिळतो, तो तुमच्या डॉक्टरांकडून तिच्या वजनाप्रमाणे लिहून घ्या आणि कसा मारायचा ते तिथेच करून दाखवायला सांगा. तुमच्यासारख्या घाटापलीकडे दवाखाना असलेल्यांना तर तो घरात असायलाच हवा. गाडीत पण एक ठेवा, थंड जागी.

बोलणं मागे आहे म्हणालात तर अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्यवाल्या डॉक्टरांची टीम येते त्यांना दाखवा आणि जिल्हा रुग्णालयात स्पीच थेरपीची चौकशी करा. आकड्या थांबायची वाट बघत बसू नका, दोन्ही एकदम चालू द्या.

चिपळूणची_आई

माझी मुलगी चौदाची. हाच जीन. आमच्यात मात्र दोघांतही नाही, तिच्यात नव्यानेच झालेला बदल.

तुम्ही किंचाळण्याचं लिहिलंत ते वाचून अंगावर काटा आला, आमची पण तशीच किंचाळायची आणि आम्ही किती वर्षं समजत होतो की तिला आकडीची भीती वाटते म्हणून ओरडते. मग डॉक्टरांनी सांगितलं की ती भीती हाच आकडीचा भाग आहे, मेंदूतल्या ज्या जागेतून सुरुवात होते तिथेच भीती तयार होते, आणि या जीनच्या मुलींत हे खूप दिसतं. हे कळल्यावर निदान दृष्ट काढणं आणि रात्री दिवे लावून बसणं बंद झालं आमचं. किंचाळली की घड्याळ बघायचं, एवढंच.

ताप हा मोठा वैरी. पावसाळ्यात शाळा सुरू झाली की पहिला महिना माझ्या पोटात गोळा असायचा. वही ठेवा, तारीख, वेळ, ताप किती, किती आल्या, कोणतं औषध किती वाजता दिलं. आम्हाला त्या वहीवरूनच कळलं की ताप चढायच्या आदल्या दिवशी ती चिडचिडी होते, मग डॉक्टरांनी त्या दिवसांपुरता काय बदल करायचा ते लिहून दिलं. आम्हाला क्लोबाझाम या आकडीच्या औषधाचा उपयोग झाला, पण प्रत्येकीचं वेगळं, तुमच्या डॉक्टरांना विचारा.

आता चांगलं सांगते. आठ-नऊ वर्षांची झाल्यावर तिच्या आकड्या कमी होत गेल्या, गेल्या वर्षी फक्त दोनदा, तेही मलेरियाच्या तापात. या आजारात वयात येताना कमी होतात बऱ्याच मुलींच्या. अभ्यासात मागे आहे, हट्टी आहे, ते अवघड जातं आणि ते मी लपवणार नाही. पण पोहते. वाशिष्ठीत नाही, तलावात, आणि वडील पाण्यात शेजारी असतात कायम. सगळ्या मुलींचं सारखं नसतं, काही जणी साध्या शाळेत शिकून नोकरी करतात, काहींना कायम आधार लागतो. एकाच घरातल्या दोन बहिणींत सुद्धा फरक असतो.

बायकोला एकदा समोर बसवून माफी मागा. आम्ही बायका हे सगळं धरून ठेवतो हो. माझ्याही सासरी दीड वर्ष चाललं होतं, रिपोर्ट आल्यावर कोणी काही बोललं नाही, चांगलंही नाही वाईटही नाही, आणि ते न बोलणं जास्त लागलं मला.

कलमवाला_राजापूर

सगळ्यांचे आभार. रापणीचं वाचून खरंच कळलं. बायकोला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, परत एकदा वाच म्हणाली.

एक्झॉन १ च आहे, बघितलं.

आता भावाचं सांगा. आणि बहीण आहे कणकवलीला दिलेली, तिला एक मुलगी एक मुलगा, सगळे चांगले आहेत.

लॅबवाली_वेंगुर्ला

दादा, तुमच्याकडून सुरुवात करते. तुम्हाला मुलगा झाला तर त्याला तुमचा वाय जातो, हा एक्स जाणारच नाही, त्याला धोका नाही. मुलगी झाली तर तिला तुमचा हाच एक्स जाणार, दर वेळी, कारण दुसरा तुमच्याकडे नाहीच. म्हणजे तुमच्या प्रत्येक मुलीत बदल असेल. त्रास किती होईल हे मात्र कोणी सांगू शकत नाही, क्वचित एखादीला काहीच होत नाही. पुढचं मूल हवं असेल तर त्याआधी जेनेटिक काउन्सेलरकडे दोघं मिळून जा, दिवस राहायच्या आधी, नंतर नको. काय काय तपासता येतं आणि कायद्यात काय बसतं ते तिथे नीट समजेल. मुंबईत केईएमसारख्या ठिकाणी हा विभाग आहे.

भाऊ-बहिणीचं उत्तर दुसरीकडे आहे आणि मी पहिल्या वेळी मुद्दाम लिहिलं नव्हतं. तुमचा एक्स तुम्हाला तुमच्या आईकडून मिळालाय. पुरुषाला तो आईकडूनच येतो, दुसरा रस्ता नाही. तेव्हा एक तर बदल तुमच्या वेळी नव्याने झाला, नाहीतर तुमच्या आईत आहे. आईत असेल तर तिच्या प्रत्येक मुलाला किंवा मुलीला मिळण्याची शक्यता निम्मी. भावात असला तर तो तुमच्यासारखाच धडधाकट असेल, त्याच्याकडे बघून काहीच कळणार नाही, पण त्याच्या प्रत्येक मुलीला जाईल. बहीण चांगली आहे म्हणजे बहुतेक तिच्यात नाही, पण खात्री टेस्टनेच होईल.

म्हणून सगळ्यांची रक्तं काढत बसू नका, आधी आईची एक टेस्ट करा. आता नेमका बदल माहीत आहे, तेवढीच जागा तपासायची असते, एक्झोमपेक्षा बराच कमी खर्च. आईत नसेल तर भावाबहिणीची काळजी जवळपास मिटली.

एक विचारू का, राग मानू नका. तुमच्या आईला लहानपणी कधी आकड्या यायच्या का? चिपळूणच्या ताईंनी लिहिलंय तसं मोठेपणी थांबतात, मग पुढे कोणाला माहीतही नसतं. आल्या असतील तरी त्या याच जीनमुळे असं टेस्टशिवाय म्हणता येणार नाही. आणि विचाराल तेव्हा एकच सांभाळा. आत्तापर्यंत वहिनींना जे ऐकवलं गेलं तेच आता आईला ऐकवायला सुरुवात होऊ देऊ नका. जीन कोणी निवडून देत नाही.

कलमवाला_राजापूर

बारा दिवसांनी लिहितोय. सीझनची गडबड, पेट्या भरायच्या होत्या, आणि खरं सांगायचं तर विचारायला धीर होत नव्हता.

आईला सरळ विचारायचं जमलं नाही म्हणून मामाला फोन केला. मामा आधी नाही म्हणाला, मग म्हणाला तुला कोणी सांगितलं. आईला यायच्या. मामा तिच्याहून मोठा, त्याला आठवतंय की ताप आला की रात्रभर आजी तिला घेऊन पडवीत बसायची, एका मागोमाग एक यायच्या, तेराव्या-चौदाव्या वर्षी बंद झाल्या. सतराव्या वर्षी लग्न, आणि आजीने शपथ घातली होती की सासरी हे कधी तोंडातून काढायचं नाही.

रात्री जेवणं झाल्यावर आईला म्हटलं, मामाशी बोललो. तिला लगेच कळलं कशाबद्दल. मी रिपोर्ट दाखवला, एक्स कुठून कुठे जातो ते लॅबवाली ताईंनी सांगितलं तसं कागदावर काढून दाखवलं, आजोळचं घर, आपलं घर, बाण काढले. म्हटलं आई, तू काही केलेलं नाहीस, मी पण काही केलेलं नाही. ती बराच वेळ कागदाकडेच बघत होती. मग म्हणाली, मला तर कायम वाटायचं की माझंच आलंय पोरीत. पहिल्या आकडीपासून वाटायचं. म्हणून मी तिला बोलायचे.

तिला म्हणजे बायकोला.

आई उठली आणि मागच्या पडवीत बायको भांडी घासत होती तिथे जाऊन पाटावर बसली. काय बोलल्या मला माहीत नाही, मी मुद्दाम गेलो नाही. बऱ्याच वेळाने दोघी एकदमच आत आल्या.

मी बायकोची माफी आधीच मागितली होती, तुम्ही लिहिल्याच्या दुसऱ्या दिवशी. ती म्हणाली बघू. बरोबर आहे तिचं.

आईने रक्त द्यायला हो म्हटलंय, काल सॅम्पल गेलं. भावाला सगळं सांगितलं, तो मुलीकडच्यांना लपवून काही करणार नाही म्हणालाय, आईचा रिपोर्ट येईपर्यंत बोलणी थांबवलीत. स्प्रे आणलाय, दोन, एक घरात एक गाडीत. आईने पण मारायचा कसा ते शिकून घेतलंय, रिकाम्या बाटलीवर तीन-चार वेळा करून बघितलं तिने.

पोरीला कालपासून सर्दी आहे, ताप सकाळी ९९ होता. वहीत लिहिलाय. रिपोर्ट आला की इथेच कळवतो.